क्राकोआ काळातले एक्स-मेन: कुठून सुरू करायचं, आणि मरणच काढून टाकल्यावर उरतं काय?

निळी शाई

लेखक क्लेअरमाँटच्या काळातले एक्स-मेन आणि मॉरिसनचं 'न्यू एक्स-मेन' वाचून झालंय. आता २०१९ ते २०२४ हा क्राकोआचा, म्हणजे म्युटंटांच्या (जन्मजात शक्ती असलेल्या माणसांच्या) बेट-राष्ट्राचा काळ हातात घ्यायचा आहे, पण यादी बघूनच छाती दडपते. डझनावारी मालिका, मध्येमध्ये मोठे क्रॉसओव्हर, आणि एकच अंक दोन वेगवेगळ्या संकलित पुस्तकांत.

'हाउस ऑफ एक्स' आणि 'पॉवर्स ऑफ एक्स' कोणत्या क्रमाने वाचायचे? त्यानंतर काय घ्यायचं आणि काय खुशाल सोडायचं? आणि मुख्य शंका: या काळात कुणीही मेलं तरी परत आणतात म्हणे. मग लढाईत जीव कुणासाठी टांगणीला लागणार? हे धाडस आहे की लेखकांनी करून ठेवलेली सोय?

स्पॉयलर चालतील, आडपडदा नको. वाचन टॅबवर, आवडलं तर छापील घेणार.

सातवी चौकट

क्रम आधी सांगतो, कारण तो चुकला की पुढचं सगळं विस्कटतं. दोन्ही मालिका सहा-सहा अंकांच्या, पण गोष्ट एकच. जुलै २०१९च्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत दर आठवड्याला एक अंक यायचा, तो असा:

हाउस १, पॉवर्स १, हाउस २, पॉवर्स २, पॉवर्स ३, हाउस ३, हाउस ४, पॉवर्स ४, हाउस ५, पॉवर्स ५, हाउस ६, पॉवर्स ६.

मधली ती पॉवर्स ३ आणि हाउस ३ची जोडी नीट लक्षात ठेवा. पॉवर्स ३मध्ये निमरॉड नावाचं यंत्र नेमकं कधी जन्माला आलं, ही माहिती चोरली जाते आणि ती मॉयरा मॅकटॅगर्टपर्यंत पोचते. लगेच वुल्व्हरिन तिला ठार मारतो, तिच्याच सांगण्यावरून. पुढच्याच आठवड्यात हाउस ३मध्ये एक्स-मेन शत्रूच्या सूर्याजवळच्या तळावर हल्ल्याला निघतात. ती मोहीम कुठल्या माहितीवर आखली, हे पॉवर्स ३ वाचल्याशिवाय कळत नाही. आधी सगळं हाउस आणि मग सगळं पॉवर्स असं वाचलंत, तर कारण आणि परिणाम उलटे होतात.

'पॉवर्स ऑफ एक्स' मधला एक्स हा रोमन दहा आहे. त्यामुळे चार काळ चालतात: वर्ष १, १०, १०० आणि १०००. पहिल्या अंकात गोंधळायला होतं, ते मुद्दाम केलंय. काळ ओळखायचा तर रंगकार मार्टे ग्रासियाचे रंग बघत चला. शंभराव्या वर्षाचा भकासपणा आणि हजाराव्याचा थंड निळा झगमगाट लगेच वेगळे ओळखू येतात.

आता मॉयरा. १९७५ साली 'एक्स-मेन' ९६मध्ये आलेलं हे पात्र चाळीसहून जास्त वर्षं साधी माणूस-शास्त्रज्ञ होती. हाउस २मध्ये या दोन्ही मालिकांचा लेखक हिकमन सांगतो की तीही म्युटंट आहे. मेली की ती पुन्हा जन्माला येते, आधीच्या आयुष्याची सगळी आठवण घेऊन, आणि सगळं जग तिच्याबरोबर पहिल्यापासून सुरू होतं. एका आयुष्यात ती म्युटंटपणावर औषध शोधते. एकात एक्स-मेनचा संस्थापक झेवियरच्या वाटेने जाते, एकात त्याचा विरोधक मॅग्नेटोच्या, एकात अपोकॅलिप्सच्या. सातव्या आयुष्यात तर सेंटिनल ही म्युटंट मारणारी यंत्रं बनवणाऱ्या ट्रास्कचं अख्खं घराणं संपवते, तरी यंत्रं येतातच. प्रत्येक वाटेच्या शेवटी म्युटंट हरलेले असतात.

त्याच अंकात तिच्या आयुष्यांची कालरेषा छापली आहे. तिच्यावर बोट ठेवून एकेक आयुष्य मोजा. सहावं तिथे नाही. ते कळतं थेट पॉवर्स ६मध्ये. सगळं समोर ठेवून वाचकाच्या नजरेवर विश्वास टाकायचा, ही या मालिकेची रीत आहे, आणि म्हणूनच ती दुसऱ्यांदा वाचताना जास्त आवडते.

धाडस कुठे म्हणाल, तर ते या उलगड्यांतसुद्धा तितकं नाही. १९६३पासून एक्स-मेन म्हणजे एक शाळा, आणि आपला द्वेष करणाऱ्या जगाला वाचवणारी मुलं. जेनोशा या म्युटंटांच्या देशात १ कोटी ६० लाख म्युटंट मारले गेले, नंतर 'हाउस ऑफ एम' (२००५) मध्ये बाकीच्या बहुतेकांच्या शक्ती गेल्या, तरी ती चौकट हलली नाही. हिकमनने ती काढून टाकली. म्युटंटांना भूमी दिली, भाषा दिली, कायदे दिले आणि बारा जणांचं मंडळ दिलं. त्या मंडळात झेवियरच्या बरोबरीने मिस्टर सिनिस्टर, मिस्टिक, सेबॅस्टियन शॉ आणि अपोकॅलिप्स बसतात. ज्या खलनायकांना साठ वर्षं बडवलं, त्यांना सरसकट माफी आणि नागरिकत्व. जगाने मान्यता द्यावी म्हणून मोबदल्यात तीन औषधं देऊ केली: आयुष्य पाच वर्षांनी वाढवणारं, संसर्गावर चालणारं आणि मनाच्या आजारांवरचं. विनवणी संपली, सौदा सुरू झाला. पुढे 'एक्स-मेन' ४मध्ये दावोसच्या परिषदेत झेवियर, मॅग्नेटो आणि अपोकॅलिप्स जेवायला बसतात आणि मॅग्नेटो मुत्सद्द्यांना म्युटंटांचं अर्थकारण समजावतो. त्या अंकातला खरा ताण जेवणाच्या टेबलावर आहे.

टोकदार पेन्सिल

मरणाबद्दल मी लिहिते, कारण या काळाविषयी सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे.

परत आणणं ही जादू नाही, ते पाच जणांनी मिळून करायचं काम आहे. गोल्डबॉल्स अंडी तयार करतो. नुसती ती पोकळ असतात, प्रोटियस वास्तव वाकवून ती जगण्याजोगी करतो. एलिक्सिर त्यात जीव धरवतो आणि पेशी वाढवतो. टेम्पस काळ पुढे ढकलून शरीर हव्या त्या वयाचं करते. होप या चौघांच्या शक्ती वाढवते आणि एकमेकींशी जुळवून घेते. शेवटी सेरेब्रो या यंत्रात साठवलेलं मन झेवियर त्या शरीरात उतरवतो. पाचांतला एक जरी नसला तरी काम ठप्प. गंमत म्हणजे गोल्डबॉल्स हे पात्र त्याआधी थट्टेचा विषय होतं, आता त्याच्याशिवाय राष्ट्र चालत नाही.

हाउस १चं अगदी पहिलं पान बघा. झाडाच्या मुळांशी कोष फुटताहेत, चिकट, ओली माणसं त्यातून बाहेर येताहेत आणि चेहरा झाकणारं शिरस्त्राण घातलेला झेवियर त्यांना बोलावतोय. पहिल्या वाचनात ते नुसतं विचित्र वाटतं. हाउस ४मध्ये सूर्याजवळ गेलेले आठच्या आठ जण मरतात. नाइटक्रॉलर वुल्व्हरिनला घेऊन तळाबाहेर उडी मारतो आणि उष्णतेने तिथल्या तिथे संपतो. वुल्व्हरिन जळत जळत शेवटची कडी तोडतो. हाउस ५मध्ये ते सगळे अंड्यांतून परत येतात, आणि तेव्हा ते पहिलं पान उलगडतं. चित्रकार पेपे लाराझने हाउस ४ची मरणं जरा जरी हलकी काढली असती, तर ५ कोसळला असता.

आता तुमची शंका. धोका गेलेला नाही, त्याची जागा बदलली आहे. नियम कुठे अडतात ते बघा:

मनाची शेवटची प्रत घेतल्यानंतरचं काहीही परत येत नाही. याचं सर्वोत्तम उदाहरण 'एक्स-मेन' ५, १८ आणि १९. सिंच, लॉरा आणि डार्विन व्हॉल्ट नावाच्या शत्रूच्या बंदिस्त जागेत जातात. आत काळ भलत्याच वेगाने पळतो आणि त्यांची शतकं उलटतात. सिंच आणि लॉरा प्रेमात पडतात. बाहेर पोचतो तो एकटा सिंच. लॉरा मेली असं धरून तिला जुन्या प्रतीवरून परत आणतात, आणि तिला त्यातलं काहीही आठवत नाही. तो तिच्यासमोर उभा आहे आणि तिच्या लेखी काही घडलेलंच नाही. जीव टांगणीला म्हणत होतात ना, तो इथे लागतो.

एका वेळी एका माणसाचं एकच जिवंत शरीर, त्यामुळे मेल्याची खात्री हवी. 'एक्स-फॅक्टर' (२०२०) चं पथक हाच तपास करतं. वरच्या लॉराच्या बाबतीत ही खात्री चुकली होती. ती आत जिवंत निघते आणि पुढे टॅलन या नावाने वावरते, म्हणजे एकाच वेळी दोन लॉरा.

अदरवर्ल्ड या जादूच्या जगात मेलं तर परत येणारा माणूस तो राहत नाही. 'एक्स ऑफ सोर्ड्स' मध्ये रॉकस्लाइड तिथे मरतो. अंड्यातून जो येतो त्याचं शरीर ओळखीचं, पण आत दुसराच कुणी.

केट प्राइडला क्राकोआची दारं (बेटावर क्षणात पोचवणारी) आत घेत नाहीत. शॉ तिला बुडवून मारतो, आणि त्यानंतर तिला परत आणतानाही अडतं, कारण अंडं फोडून बाहेर यायचं तर तिच्या आरपार जाण्याच्या शक्तीमुळे ते फुटतच नाही. 'मरॉडर्स' ६ ते ११.

आणि सगळ्यात अस्वस्थ करणारा अंक, 'एक्स-मेन' ७. २००५ साली शक्ती गेलेल्यांना त्या परत हव्यात, तर एकच वाट: मरायचं आणि नव्या शरीरात यायचं. पण सरसकट आत्महत्या होऊ द्यायच्या नाहीत, म्हणून क्रुसिबल नावाचा विधी. अपोकॅलिप्सशी तलवार घेऊन लढायचं आणि त्याच्या हातून मरायचं. मेलडी गुथ्री जखमी होऊन पडते, उठते, पुन्हा पडते, आणि भोवती सगळा समाज बघत बसलेला. हे योग्य का, असा प्रश्न नाइटक्रॉलरला पडतो आणि लेखक त्याला उत्तर देत नाही. मरण स्वस्त झालं की समाज कसा घडतो, हे सुपरहिरो कॉमिक्समध्ये इतकं सरळ कुणी मांडलं नव्हतं. याला सोय म्हणणं मला पटत नाही.

निळी शाई

छान समजलं, दोघांचेही आभार. आता पुढची वाट सांगा. हाउस आणि पॉवर्स संपल्यावर सहा मालिका एकदम सुरू होतात, सगळ्या घ्यायच्या का? आणि 'डॉन ऑफ एक्स' नावाची जाडजूड खंडमाला आहे, ती घेऊ का?

कोकणकडा

खंडमालेत पाय घालण्याआधी तिची रचना बघा. 'डॉन ऑफ एक्स' च्या पहिल्या खंडात सहाही मालिकांचा फक्त अंक १ आहे, आणि पुढेही अशीच सरमिसळ. दर आठवड्याला वाचणाऱ्याला बरी, पण मागाहून वाचणाऱ्याला प्रत्येक गोष्ट अर्ध्यावर तुटते. शिवाय त्याच मालिका लेखकाच्या नावाने स्वतंत्र पुस्तकांतही निघाल्यात. दोन्हींतले खंड मिसळलेत तर एकच अंक दोनदा विकत घेतला जाणार. स्वतंत्र पुस्तकं घ्या. हाउस आणि पॉवर्सचं एकत्र पुस्तक मात्र वरच्याच क्रमाने लावलेलं आहे, ते डोळे झाकून घ्या.

माझी वाट: हिकमनचं 'एक्स-मेन' पूर्ण, २१ अंक. यातले बरेच अंक सुटे वाटतात. ४, ६, ७ आणि २० चुकवू नका. ६ आणि २० मिस्टिकचे आहेत, आणि 'इन्फर्नो' या हिकमनच्या शेवटच्या मालिकेची सगळी दारू तिथेच ठासून भरली आहे. मॉयराची सक्त अट असते की भविष्य बघणाऱ्या कुणालाही परत आणायचं नाही, कारण तशी व्यक्ती तिचं गुपित उघडं पाडेल. मिस्टिकची बायको डेस्टिनी नेमकी तशीच. मिस्टिककडून कामं करून घेतात, डेस्टिनीला परत आणायचं वचन देतात आणि टोलवत राहतात. राष्ट्र पोखरायला बाहेरचा शत्रू लागतच नाही.

सोबत 'मरॉडर्स' चे पहिले बारा अंक, लेखक पर्सीची 'एक्स-फोर्स' (बीस्ट हळूहळू किती खाली घसरतो ते बघण्यासाठी) आणि 'हेलियन्स' चे १८ अंक. 'हेलियन्स' तर मुद्दाम सांगतो. कुणालाच नको असलेल्या म्युटंटांचं पथक सिनिस्टरच्या हाताखाली दिलंय, आणि क्लोन असल्यामुळे मॅडलिन प्रायरला पुनर्जन्म नाकारतात, हा या राष्ट्राच्या न्यायावरचा सगळ्यात मोठा डाग तिथे दिसतो.

'फॉलन एंजल्स' सोडा, सहा अंकांचं आहे आणि त्याच्यावाचून काही अडत नाही. 'एक्सकॅलिबर' जादू आणि अदरवर्ल्ड आवडत असेल तरच, पण 'एक्स ऑफ सोर्ड्स' वाचणार असाल तर सुरुवातीचे अंक लागतात. ते प्रकरण २२ भागांचं. पहिला अर्धा भाग तलवारी गोळा करण्यात जातो आणि रेंगाळतो. दुसऱ्या अर्ध्यात स्पर्धेचे नियमच वेडेवाकडे होतात आणि मजा येते. गोळा करण्याचे भाग भरभर उलटलेत तरी चालेल, पण वगळू नका, कारण अराको या दुसऱ्या बेटाचे म्युटंट इथूनच येतात. 'प्लॅनेट-साइझ एक्स-मेन' (जून २०२१) मध्ये त्यांच्यासाठीच मंगळ राहण्याजोगा करतात. ते तर हमखास वाचा. मॅग्नेटो, आइसमॅन, स्टॉर्म असे एकेक ओमेगा (अमर्याद शक्तीचे म्युटंट) कामाला लागतात आणि एका अंकात ग्रह बदलतो.

रातकिडा

वरच्या यादीत एक भर. ओमेगा सेंटिनल करीमा शापंदर हिच्यावर सुरुवातीपासून नजर ठेवा. ती मूळची भारतीय पोलीस अधिकारी, २०००मध्ये 'एक्स-मेन अनलिमिटेड' २७मधून आली. हाउसमध्ये ती शत्रूच्या तळावर गप्प उभी असते आणि मागे-पुढे करणाऱ्यांतली एक वाटते. 'इन्फर्नो' मध्ये कळतं की ती अशा भविष्यातून आली आहे जिथे म्युटंट जिंकले आणि यंत्रं हरली. म्हणजे मॉयरा जे करत होती, तेच तिकडची बाजूही करत होती. भारतीय पात्राला इतकी मध्यवर्ती जागा मार्व्हलमध्ये क्वचित मिळते.

आता मतभेद. बरेच जण सांगतात की 'इन्फर्नो' ला थांबा, कारण तिथे हिकमन गेला. हे मला साफ नामंजूर आहे.

सातवी चौकट

तसं म्हणणाऱ्यांत मीही आहे. हिकमनने तीन टप्प्यांचा आराखडा आणला होता. इतर लेखकांना पहिल्या टप्प्यातच अजून रमायचं होतं, म्हणून तो बाजूला झाला. हे त्याने २०२१ साली जाहीर सांगितलं आहे. परिणाम असा की 'इन्फर्नो' हा मधला वळणबिंदू व्हायचा तो निरोप झाला. मॉयराचं पुढे जे केलं ते तर बघवत नाही. दहा आयुष्यांचा थकवा आणि अपराध बाळगणारी बाई, तिला शेवटी यंत्राच्या शरीरातली साधी खलनायिका करून टाकली. इतकं गुंतागुंतीचं पात्र हाताशी असताना ते सपाट केलं, हे नुकसान मोठं आहे.

रातकिडा

मॉयराबद्दल शंभर टक्के सहमत. पण तेवढ्यावरून पुढचं सगळं टाकायचं? लेखक गिलनच्या 'इमॉर्टल एक्स-मेन' मध्ये प्रत्येक अंक मंडळातल्या वेगळ्या सदस्याच्या तोंडून येतो, आणि सभागृहातली कटकारस्थानं कुठल्याही मारामारीपेक्षा घट्ट धरून ठेवतात. सिनिस्टरने तळघरात मॉयराचे क्लोन वाढवलेले असतात. डाव बिघडला की एक क्लोन मारायचा, जग मागे न्यायचं आणि पुन्हा खेळायचं. मॉयराच्या शक्तीचा हा वापर हिकमनच्याच बीजातून आलाय. त्यातून निघालेलं 'सिन्स ऑफ सिनिस्टर' (२०२३) पुन्हा १०, १००, १००० वर्षांच्या टप्प्यांनी जातं.

आणि ज्यांना मरणाचीच शंका आहे, त्यांनी तर लेखक युइंगची 'एक्स-मेन रेड' सोडूच नये. मंगळावरच्या अराकोच्या लोकांना पुनर्जन्म मुळात मान्य नाही. त्यांच्यात राहून मॅग्नेटोही तो नाकारतो, आणि मग खरोखर मरतो. स्टॉर्म त्याच्याजवळ आहे आणि तिला ठाऊक आहे की यावेळी अंडं नाही. सगळ्यांना अमर करून ठेवल्यावर एकाच माणसाचं मरण इतकं जड करून दाखवणं, हे हिकमन नसताना झालंय. 'रिसरेक्शन ऑफ मॅग्नेटो' हे चार अंक त्यापुढचे.

टोकदार पेन्सिल

दोघांच्या मध्ये पडते: निळी शाई, तुम्ही 'इन्फर्नो' पर्यंत या, आठ दिवस थांबा, मग 'इमॉर्टल' आणि 'रेड' या दोनच मालिका धरून पुढे जा. दोन्ही १८-१८ अंकांच्या. मध्ये 'जजमेंट डे' (२०२२) ची मुख्य मालिका वाचावी लागेल, मॅग्नेटोचा शेवट त्याच धामधुमीत आहे. २०२३च्या हेलफायर गाला या क्राकोआच्या सोहळ्यात क्राकोआ पडतं. तो अंक जोरदार आहे, पण त्यानंतर 'फॉल ऑफ एक्स' मध्ये इतक्या छोट्या मालिका फुटतात की धागा हातात राहत नाही. तिथून 'इमॉर्टल' चे उरलेले अंक, 'एक्स-मेन फॉरेव्हर', 'राइझ ऑफ द पॉवर्स ऑफ एक्स' चे पाच अंक आणि मग थेट जून २०२४चा 'एक्स-मेन' ३५. जुलै २०२४पासून नवा डाव सुरू होतो, त्यात क्राकोआ मागे पडलेलं आहे.

कोकणकडा

टॅबवर वाचणार आहात म्हणून एक कामाची गोष्ट. या काळातल्या प्रत्येक अंकात टॉम मुलरने मांडलेली पांढरी पानं येतात: तक्ते, नकाशे, पत्रं, याद्या. चौकट-चौकट मोठी करून दाखवणारा मोड चालू असेल तर ती पानं कशीही तुकड्यांत येतात, तक्त्याची डावी बाजू उजवीपासून तुटते आणि मॉयराच्या कालरेषेसारखं पान तर वाचताच येत नाही. या काळापुरता तो मोड बंद ठेवा आणि टॅब उभा धरून पूर्ण पान बघा. फोन असेल तर अशा पानाला आडवा करून हाताने मोठं करा. पानं कंटाळवाणी वाटली तरी उलटू नका. ओमेगा म्हणजे ज्याच्या शक्तीला मोजता येण्याजोगी वरची मर्यादा नाही, ही व्याख्या हाउस १च्या अशाच एका पानावर आहे, आणि मंगळाचं सगळं प्रकरण तिच्यावर उभं आहे.

क्राकोआची लिपी दिसली की घाबरू नका. प्रत्येक इंग्रजी अक्षराला एक खूण, एवढीच ती आहे. कागदावर तक्ता करून जवळ ठेवा, दोन-तीन अंकांत सरावाल. मजकुराखाली आणि शेवटच्या पानांवर या लिपीत लिहिलेलं असतं, त्यात कधीकधी पुढच्या अंकाचा इशारा मिळतो.

निळी शाई

टॅबवरचा मोड आत्ताच बंद केला. हाउस १ उघडलंय. पहिल्या पानावरच बराच वेळ थांबलो.